शिकाऱ्याचे ज्ञान आणि पाखरांचे रक्षण

शिकारी आणि पक्षिरक्षक ह्या दोन शब्दांचा समास करावयाचा म्हटले तर तो द्वंद्वच होईल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. एकाच्या हाती बंदूक किंवा फासा, दुसऱ्याच्या हाती दुर्बीण. एकाचा आनंद पक्षी खाली पडण्यात, दुसऱ्याचा तो उडत राहण्यात. परंतु आपल्या देशातील पक्षिसंरक्षणाचा इतिहास, विशेषतः दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशातील इतिहास, थोडा बारकाईने पाहिला तर ही विभागणी इतकी सरळ राहत नाही. चोरट्या पक्षिहत्येला आळा घालण्याच्या कामी शिकाऱ्याने वेळोवेळी हातभार लावलेला आहे. कधी स्वार्थापोटी, कधी मन पालटल्यामुळे, आणि कधी केवळ पोटासाठी. हा हातभार कोणत्या स्वरूपाचा होता आणि आज त्याचे काय झाले आहे, एवढाच ह्या भाषणाचा विषय आहे.

शिकारी म्हणताना आपण दोन अगदी निराळ्या माणसांचा उल्लेख एकाच शब्दाने करीत असतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पहिला बंदूकवाला. तो राजा असे, साहेब असे, लष्करी अधिकारी असे, फार तर एखादा सधन जमीनदार. त्याला सरकारी परवाना मिळे आणि त्याच्यापुढे पाखरे उठविण्यास माणसे असत. दुसरा फासेवाला. उत्तर हिंदुस्थानातील बहेलिया, बिहारातील मीरशिकार, हरियाणा-राजस्थानकडील बावरिया, आपल्याकडील फासेपारधी हे सारे ह्या दुसऱ्या वर्गातले. ह्यांचा धंदा वाडवडिलांपासून चालत आलेला, आणि हत्यार म्हणजे घोड्याच्या केसांचा फासा, सुताचे जाळे किंवा वड-पिंपळाच्या चिकापासून केलेला लासा. पहिल्याचे नाव दगडावर कोरले गेले, दुसऱ्याचे पोलीसठाण्याच्या नोंदवहीत चढले. मारलेल्या पाखरांची मोजदाद केली तर पहिलाच वरचढ ठरावा. पण कायदा नेहमी त्याच्याच सोयीने लिहिला गेला.

पक्ष्यांच्या दृष्टीने दिल्लीचा प्रदेश मोठा भाग्यवान. यमुनेचे पसरट पात्र, अरवलीची शेवटची टेकाडे, नैर्ऋत्येस नजफगढची झील, तिच्या पलीकडे गुरुग्राम जिल्ह्यातील सुलतानपूर, आणि आणखी दक्षिणेस भरतपूर. भरतपूर जिल्ह्याचा समावेश २०१३ साली राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात झाला, म्हणून शासकीय परिभाषेतही आता तो दिल्लीच्या परिवारातलाच आहे. सायबेरिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारी बदके, कादंब, क्रौंच ह्यांचे थवे हिवाळ्यात ह्या पाणवठ्यांवर उतरतात. जेथे पाखरू तेथे शिकारी, ह्या न्यायाने राज्यकर्त्यांची दृष्टीही फार पूर्वीपासून येथे गेलेली आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने दिल्लीच्या टेकाडावर शिकारीसाठी वास्तू बांधल्या. त्यांपैकी मालचा महालाचे अवशेष आजही उभे आहेत. जहांगीर बादशहाने तर आपल्या शिकारीचा हिशेब आत्मचरित्रात नोंदवून ठेवला आहे. वयाच्या पन्नाशीपर्यंत त्याने स्वहस्ते १७,१६७ प्राणी मारले, आणि त्यांत १३,९६४ पक्षी होते. हाच बादशहा सारसांच्या जोडीची घरटी, अंडी आणि पिले ह्यांचे दिवसेंदिवस निरीक्षण करी, आणि उस्ताद मन्सूर ह्या चित्रकाराकडून पक्ष्यांची हुबेहूब चित्रे काढून घेई. शिकाऱ्याची नजर आणि अभ्यासकाची नजर ह्यांचा असा शेजार आपल्याकडे जुनाच आहे.

भरतपूरची कथा मात्र थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. तेथील घना म्हणजे मूळचा एक सखल भूभाग. अठराव्या शतकात राजा सूरजमल ह्याच्या काळी अजान बांध घातला गेला आणि पावसाळ्यात ह्या सखल भागात पाणी साचू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानचा कारभार पाहणाऱ्या मोरवीच्या हरभामजी ह्यांनी पाट, दरवाजे आणि छोटे बांध घालून पाण्याची पद्धतशीर योजना केली. हेतू उघड होता. बदकांची शिकार हा संस्थानच्या आतिथ्याचा मुख्य प्रकार व्हावयाचा होता. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ह्यांच्या उपस्थितीत तेथे पहिली मोठी शिकार झाली. गंमत अशी की, त्याच साली कर्झनच्याच सरकारने हिंदुस्थानातून पक्ष्यांची कातडी आणि पिसे परदेशी पाठविण्यास बंदी केली होती. युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांवर मिरविण्यासाठी बगळ्यांची जी सरसकट कत्तल चाले तिला ह्या हुकमाने अडथळा आला. पिसांसाठी मारणे निंद्य आणि खेळासाठी मारणे प्रतिष्ठेचे, असा त्या काळचा विवेक होता.

केवलादेवाच्या मंदिराजवळ ह्या शिकारींची यादी दगडावर कोरून ठेवलेली आहे. तारीख, प्रमुख पाहुण्याचे नाव, बंदुकांची संख्या, पडलेल्या पाखरांची संख्या. १९३८ सालच्या नोव्हेंबरात लॉर्ड लिनलिथगो ह्यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. ही नोंद वाचताना आज अंगावर काटा येतो. परंतु त्याच दगडाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. एका दिवसात चार हजार पक्षी पडावेत आणि तरीही पुढल्या वर्षी थवे परत यावेत, ह्यासाठी वर्षाचे उरलेले दिवस त्या पाण्यावर कोणी खडा मारू नये असा कडक बंदोबस्त लागतो. तो तेथे होता. संस्थानचे पहारेकरी चोरून जाळे लावणाऱ्याला, अंडी काढणाऱ्याला, रात्री बत्ती घेऊन पाण्यात शिरणाऱ्याला पकडीत. राजाच्या बंदुकीसाठी राखलेले पाखरू इतरांच्या हातून सुरक्षित राही. ह्याला भूतदया म्हणता येणार नाही. ही मालकी होती. पण तिच्यामुळे पाणी टिकले, झाडे टिकली, आणि हिवाळ्यातील पाहुणेही टिकले, ही वस्तुस्थिती नाकारून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर ती मालकी डळमळली आणि घना खरोखरीच धोक्यात आला. पाणी काढून टाकून जमीन शेतीसाठी वाटावी अशी मागणी होऊ लागली, आणि भुकेल्या देशात ती अगदीच अवाजवी होती असेही म्हणवत नाही. त्या वेळी डॉ. सालिम अली ह्यांनी हा प्रश्न पंतप्रधान नेहरूंपर्यंत नेला. अखेर १९५६ साली घना पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र राखून ठेवण्यात आला. त्या दगडावरची शेवटची नोंद १९६४ सालची आहे, आणि हक्क संपला तो १९७२ साली. म्हणजे सोळा वर्षे ते स्थान एकाच वेळी अभयारण्यही होते आणि शिकारीचे राखीव रानही. आजच्या वाचकाला ही तडजोड चमत्कारिक वाटेल. परंतु तिच्याशिवाय ते पाणी वाचले असते की नाही, ह्याची मला शंका आहे.

ज्या सालिम अलींनी ही मध्यस्थी केली त्यांचा पक्ष्यांशी पहिला परिचयही बंदुकीच्याच द्वारे झाला होता. बाल सालिमने हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, म्हणून ती खावी की नाही असा प्रश्न पडला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी हे स्वतः हौशी शिकारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. त्यांनी मुलाला सोसायटीचे चिटणीस मिलार्ड ह्यांच्याकडे पाठविले, आणि तेथे कपाटेच्या कपाटे भरलेले पक्षी पाहून त्या मुलाचे आयुष्य बदलले. ही कथा १९०८ च्या सुमाराची. जी संस्था पुढे ह्या देशातील पक्षिविद्येचे माहेर ठरली तिच्या आरंभीच्या सभासदांत शिकाऱ्यांचा भरणा मोठा होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

बंदूकवाल्या शिकाऱ्याने कायद्याच्या क्षेत्रातही काही केले. १८८७ च्या कायद्याने विणीच्या हंगामात मारलेल्या रानपक्ष्यांच्या विक्रीवर नगरपालिकांना आणि छावण्यांना बंधन घालता आले. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना शिकारबंदीचा काळ ठरविण्याचा अधिकार दिला. पाखरू अंड्यावर असताना त्याला मारू नये, बसलेल्या पक्ष्यावर बार टाकू नये, जाळे लावून सबंध थवा उचलू नये, असे संकेत शिकाऱ्यांच्या वर्तुळात रूढ होते. त्यांत खेळाडूवृत्ती किती आणि पुढल्या हंगामाची तरतूद किती, हे निवडून काढणे कठीण आहे. १९३५ साली दिल्लीत वन्यप्राण्यांच्या संरक्षणासाठी अखिल भारतीय परिषद भरली. १९५२ मध्ये भारतीय वन्यजीव मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याचे अध्यक्षपद म्हैसूरच्या महाराजांकडे होते. भावनगरचे धर्मकुमारसिंहजी ह्यांच्यासारखे ससाणे पाळणारे, शिकारीत मुरलेले आणि तरीही सौराष्ट्रातील पक्ष्यांवर प्रमाणभूत ग्रंथ लिहिणारे गृहस्थ त्या कार्यात पुढे होते. ह्या मंडळींना चोरट्या शिकारीचा तिटकारा होता तो मनापासून. मात्र चोर कोण, ह्याची त्यांची व्याख्या बहुधा परवाना नसलेला गरीब माणूस अशीच होती.

दरम्यान खुद्द दिल्लीत वारे बदलत होते. १९५० साली होरेस अलेक्झांडर आणि जनरल हॅरल्ड विल्यम्स ह्यांच्या पुढाकाराने दिल्ली पक्षिनिरीक्षण मंडळ स्थापन झाले. इंदिरा गांधी त्याच्या सभासद होत्या. नजफगढच्या ज्या पाण्यावर पूर्वी गोरे अधिकारी रविवारची बदके मारावयास जात, त्याच बाजूला आता दुर्बिणी जाऊ लागल्या. सुलतानपूरच्या झिलीकडे ह्या मंडळाचे लक्ष गेले. ही जागा १९२३ पर्यंत मिठागरासाठी प्रसिद्ध होती, बदकांसाठी नव्हे. १९७० मध्ये पीटर जॅक्सन ह्या पत्रकार-पक्षिनिरीक्षकाने पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहून तिच्या रक्षणाची विनंती केली, आणि १९७१ मध्ये ती अभयारण्य झाली. पुढे १९९१ मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत तिचे नाव लागले. शिकाऱ्याच्या मदतीवाचूनही पाणी वाचविता येते, ह्याचे हे उदाहरण. पण त्यासाठी पंतप्रधानच पक्षिप्रेमी असावा लागतो, आणि तो योग वारंवार येत नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बंदूकवाल्याचे युग मावळले. ह्या कायद्यातील 'शिकार' शब्दाची व्याप्ती मोठी आहे. मारणे, पकडणे, फास लावणे, अंडी किंवा घरटे मोडणे हे सर्व तिच्यात येते. आरंभी काही पक्ष्यांच्या शिकारीचे आणि पकडण्याचे परवाने शिल्लक होते. १९९०-९१ च्या सुमारास रानपक्ष्यांच्या व्यापाराचे दारही बंद झाले. साधा कावळा तेवढा उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत राहिला होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. बंदूकवाल्याने बंदूक भिंतीवर टांगली, क्वचित विकली, आणि तो अन्य करमणुकीकडे वळला. त्याचे फारसे बिघडले नाही.

बिघडले ते फासेवाल्याचे. त्याला दुसरी करमणूक नव्हती. मुळात ही त्याची करमणूकच नव्हती. इंग्रजांनी १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली पारधी, बावरिया अशा अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या होत्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्यानंतर जेमतेम वीस वर्षांनी ज्या एका विद्येवर ह्या माणसांचे पोट चाले तीच गुन्हा ठरली. नवा कायदा चुकीचा होता असे मी म्हणत नाही; पाखरांची जी अवस्था झाली होती ती पाहता तो अपरिहार्यच होता. पण त्या विद्येचे आता काय करावयाचे, ह्याचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही.

ती विद्या काय आहे, हे थोडे समजावून सांगतो. मीरशिकार बांबूच्या एकात एक बसणाऱ्या काठ्या घेऊन झाडाखाली उभा राहतो. वरच्या काठीच्या टोकाला लासा लावलेला असतो. तो एकेक काठी जोडीत इतक्या सावकाश वर सरकवितो की फांदीवरील पक्ष्याला ती हलताना दिसत नाही, आणि मग पोटाला किंवा पंखाला हलकेच टेकवितो. तितर पकडणारा पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून शेताच्या बांधावर ठेवतो. त्याची हाक ऐकून रानातला नर आपल्या हद्दीत कोण आला म्हणून भांडावयास धावतो आणि भोवती मांडलेल्या फाशांत पाय अडकवून घेतो. लाव्यांचे थवे रात्री उतरतात, म्हणून लाव्याची हाक रात्रीच द्यावयाची आणि पहाटे जाळे ओढावयाचे. बदकासाठी उभे जाळे कोणत्या अंगाला लावावे हे वाऱ्यावर अवलंबून असते, कारण पाण्यावरून उठणारे बदक वाऱ्याला तोंड देऊन उठते. ह्यांतील एकही गोष्ट पुस्तकातून शिकलेली नाही. ज्याला ती येते त्याला आणखी एक गोष्ट आपोआप येते: कालच्या रात्री येथे कोणी जाळे लावले होते काय, हे तो चिखलातील काठीच्या भोकावरून, दबलेल्या गवतावरून, उचकटलेल्या दोन पिसांवरून सांगू शकतो.

ह्या विद्येचा सदुपयोग प्रथम शास्त्रज्ञांनी केला. पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे हलके वलय घालून त्याला सोडून द्यावयाचे, आणि ते वलय जगात कोठे सापडते ते पाहून त्याचा प्रवासमार्ग ठरवावयाचा, ही पद्धत. हिंदुस्थानात तिचा आरंभ १९२६ साली धार संस्थानात झाला. तेथील पवार राज्यकर्त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सहकार्याने रानबदकांना वलये घातली. मराठ्यांच्या एका संस्थानाला हा मान आहे, हे आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असते. पुढे १९५९ च्या सुमारास सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले आणि भरतपूर हे त्याचे एक मुख्य ठाणे झाले. आता हजारो पक्षी जिवंत, पंखही न दुखविता, पकडावयाचे तर पकडणार कोण? बिहारमधून मीरशिकार बोलावण्यात आले. बाजारासाठी पाखरे धरणारे तेच हात आता मोजमाप करून सोडण्यासाठी पाखरे धरू लागले. ह्या कामातून पुढे आलेल्या अली हुसेन ह्या मीरशिकाराचे नाव पक्षिशास्त्रज्ञांत आदराने घेतले जाते. ह्या शिबिरांतून आपल्याला हिवाळी पाहुण्यांविषयी जे कळले त्याच्या मुळाशी एका निरक्षर परंपरेचे कौशल्य आहे.

परंतु अशी शिबिरे थोडी आणि पाखरे धरणारी घराणी पुष्कळ. उरलेल्यांचा माल कोठे जातो हे पाहण्यास लांब जावे लागत नाही. पाटण्याच्या मीरशिकार टोलीतून, लखनौच्या नक्खासातून आणि इतर बाजारांतून पोपट, मुनिया, मैना ह्यांचा प्रवाह दिल्लीकडे वाहत आला आहे, आणि जामा मशिदीच्या परिसरातील पाखरांचा बाजार तर पिढ्यानपिढ्यांचा. देशातील सुमारे तेराशे जातींपैकी साडेचारशेंच्या आसपास जाती बंदीनंतरही व्यापारात आढळल्या, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. ही माहिती गोळा झाली कशी? बाजारात बसून, पाखरे धरणाऱ्यांशी स्नेह जोडून, त्यांची सांकेतिक बोली शिकून. फासेवाल्याने तोंड उघडले तेव्हाच व्यापाराचा नकाशा तयार झाला.

ह्या व्यापाराचे एक अंग मोठे विचित्र आहे. पुष्कळ धर्मशील माणसे पुण्य म्हणून पिंजऱ्यातील पाखरे विकत घेऊन सोडून देतात. त्याच शहरात, लाल किल्ल्यासमोरील जैन मंदिरात, जखमी पाखरांचे धर्मार्थ रुग्णालय कित्येक दशके चालू आहे आणि त्याच्याविषयी आदरच वाटतो. पण सोडण्यासाठी घेतलेल्या प्रत्येक मुनियेमागे ती पुरविण्यासाठी आणखी मुनिया धरल्या जातात, आणि जाळ्यापासून पिंजऱ्यापर्यंतच्या वाटेवर कित्येक मरतात. करुणा गिऱ्हाईक झाली की फासेवाल्याला हंगाम येतो. हे गणित त्याला पक्के माहीत असते. पुण्य जोडणाऱ्याला मात्र नसते.

आता पहाऱ्याकडे पाहा. वनरक्षक हा नोकरीतला माणूस. आज येथे, उद्या बदलून दुसरीकडे. नजफगढची झील तर दिल्ली आणि हरियाणा ह्यांच्या सीमेवर पसरलेली. जाळे ह्या हद्दीत, पळण्याची वाट त्या हद्दीत. दिल्लीतच मुख्य ठाणे असलेला वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग २००७ साली सुरू झाला. गुन्ह्याची खबर देणाऱ्याला वसूल झालेल्या दंडातून बक्षीस देण्याची सोय कायद्यातच आहे. पण खबर देणारा म्हणजे कोण? बहुधा त्याच वस्तीतला, त्याच धंद्यातला माणूस. एकदा खबर दिली की तो वस्तीतून उठतो, आणि बक्षिसाच्या रकमेवर जन्म निघत नाही. एखाद्या वर्गाला खबऱ्या म्हणून वापरणे आणि त्याच वर्गाला पगारी रक्षक म्हणून उभे करणे, ह्या दोहोंत फार अंतर आहे. पहिला मार्ग स्वस्त असल्यामुळे आपण बहुधा त्याच मार्गाने गेलो.

दुसऱ्या मार्गाने काय साधते, ह्याचे उत्तर आपल्याच देशाच्या ईशान्य टोकाला मिळाले आहे. नागालँडमधील वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयाच्या काठी दर शरदऋतूत अमूर ससाण्यांचे प्रचंड थवे उतरतात. सायबेरिया-चीनकडून निघून दक्षिण आफ्रिकेकडे जाताना ही त्यांची मोठी विश्रांतीची जागा. २०१२ च्या हंगामात पांगती आणि आसपासच्या गावांतील लोकांनी मासे धरण्याची जाळी झाडांवर टांगून हे ससाणे पकडले. सुमारे सव्वा लाख पक्षी मारले गेले असावेत असा पाहणाऱ्यांचा अंदाज होता. छायाचित्रे जगभर गेली आणि संताप उसळला. त्यानंतर जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. कार्यकर्ते, चर्च आणि शासन ह्यांनी गावकऱ्यांशी बोलणी केली. पांगतीत ससाण्यांच्या विसाव्याच्या जागा राखण्यासाठी गावकऱ्यांचाच संघ उभा राहिला. २०१३ च्या हंगामात तेथे ससाण्यांची हत्या झाली नाही. त्याच नोव्हेंबरात तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसविण्यात आली आणि त्यांची नावे नागा, पांगती व वोखा अशी ठेवली. ज्या गावाने आदल्या वर्षी जाळी लावली त्याच गावाचे नाव घेऊन एक ससाणा अरबी समुद्र ओलांडून गेला. हे थवे आपल्या सह्याद्रीवरूनही जातात. लोणावळ्याच्या परिसरात ते दिसल्याच्या नोंदी आहेत.

आपल्या वाशीम जिल्ह्यात असाच एक प्रयोग चालला आहे. तेथे 'संवेदना' ह्या संस्थेने फासेपारधी कुटुंबांना बरोबर घेऊन गवताळ कुरणे राखण्याचे काम आरंभिले. तणमोरासारखा दुर्मिळ आणि लाजरा पक्षी उंच गवतात कोठे उडी घेतो हे ज्या पारध्याला ठाऊक, त्यानेच त्या गवताची राखण करावयाची, ही त्यामागील कल्पना.

उलट जेथे शिकाऱ्याशी वेळेवर बोलणे झाले नाही तेथे काय होते, ह्याची साक्ष भरतपूरच देते. पांढरा सायबेरियन क्रौंच हा घन्याचा मुकुटमणी. त्याची संख्या वर्षानुवर्षे घटत गेली आणि २००२ नंतर तो तेथे दिसलेला नाही. भरतपुरात त्याला कोणी मारीत नव्हते. वाटेत, अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या वायव्य सरहद्दीवरील खोऱ्यांत, क्रौंच धरण्याची जुनी परंपरा आहे. पाळलेले क्रौंच जमिनीवर बांधून त्यांच्या हाकेने उडता थवा खाली ओढावयाचा आणि शिशाचे वजन बांधलेली दोरी हवेत फेकून पक्ष्याचे पंख गुंतवावयाचे, असा हा प्रकार. १९८० च्या दशकात त्या शिकाऱ्यांशी बोलण्याचे प्रयत्न झाले. पण मध्यंतरी अफगाणिस्तानात युद्ध पेटले होते, आणि पश्चिमेकडील त्या जातीचे उरलेले पक्षी बोटांवर मोजण्याइतके होते. चार देशांची हद्द ओलांडणाऱ्या पाखराचे रक्षण एका देशातील कुंपणाने होत नाही.

कुंपणाच्या मर्यादा भरतपूरने आणखी एका प्रकारे अनुभविल्या. १९८२ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देताना तेथे गुरे चारण्यास एकाएकी बंदी केली गेली. संघर्ष झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही गावकरी प्राणास मुकले. पुढे दीर्घ अभ्यासाअंती असे दिसले की, म्हशी नाहीशा झाल्यामुळे पाण्यातील गवत बेसुमार माजले आणि पाखरांचीच अडचण झाली.

येथे कोणी म्हणेल की, मग शिकारच पुन्हा परवान्याने खुली करावी. अमेरिकेत १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी सरकारी तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी राखल्या जातात. युरोपात २००४ साली शिकाऱ्यांच्या महासंघाने पक्षिसंरक्षकांच्या संघटनेशी करार करून पक्षिरक्षणाच्या कायद्याला मान्यता दिली. कायदेशीर शिकाऱ्याला चोराचा राग येतो आणि तो पहारा देतो, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, परंतु भूमध्य समुद्राच्या परिसरात दरवर्षी अडीच कोटींच्या आसपास पक्षी बेकायदा मारले जातात असा २०१५ मधील अंदाज आहे. तेव्हा केवळ परवान्याने चोरी थांबते असे मानता येत नाही. आपल्याकडे तर परवाना पुन्हा बंदूकवाल्यालाच मिळेल आणि फासेवाला जेथल्या तेथे राहील. मला स्वतःला तो मार्ग पसंत नाही. आपल्याला हवे आहे ते शिकाऱ्याचे ज्ञान, त्याची शिकार नव्हे. आणि त्या ज्ञानाची किंमत मासिक वेतनाच्या रूपाने मोजण्याची तयारी हवी.

शेवटी त्या वलयांविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. वलय घातलेली बदके जेव्हा दूरदेशी सापडत, तेव्हा ती बहुधा शिकाऱ्यांच्याच हाती पडत, आणि वलयावर कोरलेला मुंबईचा पत्ता वाचून ते टपालाने कळवीत. आपल्याकडील परवानेधारक शिकारीही असेच कळवू शकत. आता परिस्थिती उलटली आहे. नजफगढच्या काठी जाळ्यात सापडलेल्या एखाद्या बदकाच्या पायात वलय असले, तर ते पोस्टात टाकणे म्हणजे आपल्या गुन्ह्याचा कबुलीजबाब लिहून पाठविणे. साहजिकच ते वलय चिखलात जाते. ते पाखरू कोठून निघाले होते, किती वर्षांचे होते, हे तेथेच पुरले जाते. त्याच वेळी कोठे तरी एखाद्या वलय-शिबिरात, शास्त्रज्ञाच्या परवान्याच्या आधाराने, एखादा मीरशिकार वाऱ्याचा अंदाज घेत पाण्यात जाळे उभारीत असतो. पहाटे तो बदक सोडवून हाती देतो; त्याचे वजन होते, पंख मोजला जातो, पायात नवे वलय बसते, आणि पाखरू पाण्याकडे सोडले जाते.